मुंबई–लंडन, व्हाया प्रेस्टविक

एडिनबरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये डॉक्टर उदय देशपांडे गालिच्यावर पालथा पडून अ‍ॅटलासवर दोरा ताणत होता. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर होतं आणि ते सुलक्षणाने पायाच्या अंगठ्याने दाबून धरावं अशी त्याची अपेक्षा होती. सुलक्षणाला नववा महिना लागला होता. स्वतःचा अंगठा तिला दिसून बरेच दिवस झाले होते.

"हलू नकोस ना! मुंबई सरकली."

"मुंबई नाही सरकली, बाळाने लाथ मारली. मोजतोयस काय एवढं?"

"आईचं अंतर," उदय म्हणाला. "साडेचार हजार मैल. ताशी पाचशे मैल धरले तर नऊ तास. त्यात समोरून वारा. म्हणजे साडेनऊ. शुक्रवारी सकाळी सातला आई हीथ्रोवर."

"तिकिटावर छापलंय की सात वाजता म्हणून."

"छापलेलं वेगळं आणि हिशेबाने आलेलं वेगळं," असं म्हणून उदयने दोरा गुंडाळला.

सुलक्षणाच्या बाळंतपणासाठी उदयची आई, प्रमोदिनीबाई, कोल्हापूरहून येणार होत्या. विमानात बसायची त्यांची पहिलीच वेळ, आणि तीही एकटीने. भूल देणाऱ्या डॉक्टरला रोज चार माणसांना शांत करावं लागतं. स्वतःला शांत करणं मात्र उदयला कधी जमलं नव्हतं. तिकीट काढल्यापासून त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

"त्यांना हीथ्रोवरून इकडच्या विमानात बसू दे की," सुलक्षणा पुन्हा एकदा म्हणाली. "सव्वा तासात एडिनबरा. तू कशाला चारशे मैल गाडी हाणत जातोस?"

"अगं, टर्मिनल बदलावं लागतं! तीन नंबरवरून एक नंबरला. आईला जमणार आहे का? हरवेल ती."

"तीस वर्षं कोल्हापूरचं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलंय त्यांनी."

"एक्स्चेंज जागचं हलत नाही, सुलक्षणा. हीथ्रो वेगळं."

सुलक्षणाने मग तो नाद सोडला. नवऱ्याला घरात येरझाऱ्या घालताना बघण्यापेक्षा तो चारशे मैल लांब असलेला बरा, असंही तिला वाटलं असावं.

गुरुवारी उदय गाडी घेऊन निघाला आणि संध्याकाळी ईलिंगला राजीवकडे पोचला. राजीव त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याची बायको नंदा हिने प्रेमाने वांग्याची भाजी केली होती. उदयने ती कशाची आहे हे न बघताच खाल्ली, कारण त्याचं लक्ष घड्याळात होतं.

"आता आई सहारला पोचली असेल. आता इमिग्रेशन."

"पोळी घे," नंदा म्हणाली.

"नको. आता विमानात बसवत असतील."

टीव्हीवर बातम्या संपेपर्यंत उदयने आईला अरबी समुद्रावर आणलं होतं. राजीवने त्याला पांघरूण दिलं, उशी दिली आणि दिवा मालवला. अंधारातून आवाज आला, "राजीव, इराणवरून जातं का रे विमान? तिकडं युद्ध चालू आहे."

"पायलटला माहीत असेल रे. झोप!"

सकाळी उठून राजीवने पडदा सरकवला, तर बाहेर काहीच नव्हतं. रस्ता नव्हता, समोरची घरं नव्हती, दारातली उदयची गाडीसुद्धा नव्हती. नोव्हेंबरातलं दाट, पांढरं धुकं काचेला नाक लावून उभं होतं.

"विमान वर आहे, धुकं खाली आहे," उदय बूट घालत म्हणाला. "तसा काही संबंध नाही."

"विमानाला कधी ना कधी खाली यावं लागतं," राजीव म्हणाला.

गोगलगायीच्या वेगाने ते दोघे हीथ्रोला पोचले. तिथे नातेवाइकांची ही गर्दी. फलकावर मुंबईच्या विमानासमोर आधी 'उशीर' असं आलं. उदयने एक चक्कर मारली. मग फलकावरच्या पट्ट्या खडखड फिरल्या आणि दुसराच शब्द उमटला. उदयने तो दोनदा वाचला आणि काउंटरकडे धावला.

"डायव्हर्टेड म्हणजे कुठे?"

काउंटरवरच्या बाईने गोड हसून सांगितलं, "प्रेस्टविकला सुखरूप उतरलंय, सर. स्कॉटलंडमध्ये आहे ते. तुम्हाला कदाचित माहीत नसेल."

उदयला माहीत होतं. एडिनबरातल्या त्याच्या घरापासून प्रेस्टविक जेमतेम ऐंशी मैलांवर होतं.

राजीवने तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते, त्यावरून तो खोकत नसावा. "म्हणजे, काकू तुझ्या घराशेजारी आल्या आणि तू माझ्या?"

"हसू नकोस! आई तिथं थंडीत एकटी बसली असेल." उदयने पुन्हा काउंटर गाठला. "त्यांचं पुढे काय करणार तुम्ही?"

"धुकं हटलं की इकडे आणू, सर."

"धुकं कधी हटेल?"

"ते धुक्यावर आहे, सर."

उदयने सार्वजनिक फोनवरून घरी फोन लावला. एंगेज्ड. पुन्हा लावला. एंगेज्ड. पाच मिनिटं येरझाऱ्या घालून परत लावला, तरी तेच.

"कुणाशी बोलतेय ही एवढं?" तो वैतागला. "ते काही नाही. मी निघतो."

"कुठं?"

"प्रेस्टविकला. हे बघ, असलं धुकं संध्याकाळशिवाय हटत नाही. गाडीने सात तास. संध्याकाळी पाचला मी तिथं. विमान हलायच्या आत आईला गाठतो आणि तसाच घरी नेतो. हिशेब सरळ आहे."

"आणि विमान मधेच निघालं तर?"

"तू घरी जाऊन फोनपाशी बस. मी वाटेतून तुला विचारत राहीन."

राजीवने त्याला थोपवायचा प्रयत्न केला. "अरे, इथं बस, कॉफी पी, त्या येतील," असं तीन प्रकारे सांगून पाहिलं. पण उदयला बसायला सांगणं म्हणजे पाण्याला उभं राहायला सांगण्यासारखं होतं. राजीव ट्यूबने ईलिंगला परतला आणि उदय धुक्यात दिसेनासा झाला.

बर्मिंगहॅम मागे पडेपर्यंत उदय स्टिअरिंगवर वाकून, समोरच्या लॉरीचे लाल दिवे हेच जीवनाचं ध्येय मानून चालला होता. त्यानंतर मात्र आकाश उघडलं. लख्ख ऊन पडलं. उदयला फार आनंद झाला, आणि मग त्या आनंदाचा अर्थ त्याच्या ध्यानात आला. इथलं धुकं हटलं, म्हणजे तिकडचंही हटत असणार. पुढच्याच सर्व्हिस स्टेशनवर त्याने गाडी घातली आणि फोनकडे पळाला.

"उदय, मागे फीर!" राजीव ओरडला. "एअरलाइनशी बोललो आत्ता. तासाभरात विमान प्रेस्टविकहून निघतंय. तिसऱ्या प्रहरापर्यंत हीथ्रोला."

"आई आहे ना विमानात?"

"विमानात नसतील तर कुठं असतील? विमान त्यांच्यासाठीच तर आणतायत."

"सुलक्षणाला कळवलंस?"

"किती वेळ लावतोय! सारखा एंगेज्ड."

उदयने गाडी वळवली. मोटरवेवर गाडी वळवायची तर पुढचा फाटा गाठावा लागतो. तो फाटा बराच पुढे होता, म्हणजे लंडनला जाण्यासाठी उदयला आधी आणखी थोडं स्कॉटलंडकडे जावं लागलं. तेवढ्यात त्याने स्वतःला मराठीत बरंच काही सुनावलं.

तो हीथ्रोला पोचला, तेव्हा राजीव तिथे येऊन उभाच होता. विमान उतरलं होतं. मुंबईची माणसं बाहेर येऊ लागली. थकलेल्या आज्या, रडणारी पोरं, कोटाच्या आत स्वेटर आणि स्वेटरच्या आत आणखी एक स्वेटर घातलेले काका. उदय टाचा उंचावून बघत होता. दहा आज्या आल्या. आई आली नाही. दार बंद झालं, उघडलं, एक झाडूवाला बाहेर आला.

त्या गलक्यात लाउडस्पीकर कुणा डॉक्टर डेस्पॅंडीला चौकशी कक्षाकडे बोलावत होता.

"कोण बिचारा डेस्पॅंडी?" उदय म्हणाला. "मघापासून हाका मारतायत. लोकांचं लक्षच नसतं." आणि तो काउंटरकडे धावला.

काउंटरवरच्या बाईने यादीवरून बोट फिरवलं. "मिसेस पी. डेश... हां. त्या या विमानात नाहीत, सर. त्या प्रेस्टविकलाच उतरल्या."

"उतरल्या? एकट्या?"

बाईने कुठेतरी फोन केला, बराच वेळ मान डोलवली आणि रिसीव्हर ठेवला. "एकट्या नाही. एका गृहस्थांबरोबर गेल्या."

उदयने कठडा धरला.

"काकू?" राजीव पुटपुटला. "गृहस्थांबरोबर?"

"कोण गृहस्थ? कुठे गेल्या?"

"ते आम्ही विचारत नाही, सर. पण बेल्टवर त्यांच्या दोन बॅगा राहिल्यात, त्या मात्र तुम्ही घेऊन जा." आणि एका कामगाराने दोन अगडबंब तपकिरी बॅगा आणून उदयच्या पुढ्यात आदळल्या. दोन्हींवर पांढऱ्या ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पी. देशपांडे, बॉम्बे टू लंडन'. पत्ता म्हणून बाईने राजीवचा ईलिंगचा पत्ता आणि फोन नंबर लिहून घेतला.

उदयने घरी फोन लावला. आता तो एंगेज्ड नव्हता. घंटा वाजत होती. वाजतच राहिली. कुणी उचलला नाही.

एंगेज्ड होता तेव्हा उदयला राग येत होता. आता त्या आवाजासाठी तो काहीही द्यायला तयार झाला असता. "राजीव, नववा महिना आहे तिला. घरात नाही म्हणजे कुठं गेली? इकडं आईचा पत्ता नाही."

राजीव आता हसत नव्हता. त्याने उदयच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली. "गाडी राहू दे माझ्याकडे. तू विमानाने जा. सव्वा तास. टर्मिनल वन. पळ!"

दोन बॅगा ट्रॉलीवर लादून उदय पळाला. पाट्या वाचत, सरकत्या पट्ट्यांवरून चालत, बोगद्यातून तो बरंच अंतर गेला आणि दोन नंबरच्या टर्मिनलमध्ये निघाला. तिथून एका पोलिसाला विचारून परत फिरला आणि बसस्थानकावर पोचला. तिथे एका पंजाबी सफाईवाल्या मावशींनी त्याची दया येऊन हाताला धरून त्याला योग्य लिफ्टपाशी नेऊन सोडलं. "पहली बार आए हो, बेटा?" त्यांनी विचारलं. उदयने मान डोलावली. अकरा वर्षं या देशात काढलीत हे सांगायची ती वेळ नव्हती.

एडिनबराचं विमान त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. पुढच्यात जागा मिळाली. ते एक तास पंधरा मिनिटं हवेत होतं, पण उदयच्या आयुष्यात त्याहून लांबचा प्रवास झाला नव्हता. पट्टा सोडायची परवानगी मिळण्याआधीच तो उठून उभा राहू लागला आणि हवाईसुंदरीने त्याला तीनदा खाली बसवलं.

टॅक्सीने तो घरी पोचला, तर घराला कुलूप. त्याने शेजारच्या स्कॉटिश मिसेस कर यांच्या दारावर थाप मारली. म्हाताऱ्या मिसेस कर गाऊनमध्ये बाहेर आल्या आणि त्याच्याकडे, त्याच्या बॅगांकडे आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अजून इथे काय करतोस? ती हॉस्पिटलात आहे! दुपारीच गेली. तुझ्या आईने नेली."

"माझ्या आईने?"

"छान बाई आहे. तिने अँब्युलन्सवाल्यांना फोनवर असं फैलावर घेतलं, की ते लगेच आले."

टॅक्सी तशीच वळवून उदय हॉस्पिटलात पोचला. हे त्याचंच हॉस्पिटल होतं. वरच्या मजल्यावर प्रसूती विभागाच्या दारात सिस्टरने त्याला अडवलं.

"भेटीची वेळ संपली."

"सिस्टर, मी डॉक्टर देशपांडे! मी इथं काम करतो!"

"मग तुम्हाला नियम माहीत असायला हवेत," सिस्टर म्हणाली. पण त्याचा अवतार बघून तिने दार सोडलं. "पाच मिनिटं. आणि सामान घेऊन राहायला येत नाहीत इथे."

कोपऱ्यातल्या खाटेवर सुलक्षणा उशीला टेकून बसली होती. खुर्चीत प्रमोदिनीबाई बसल्या होत्या. नऊवारीवर शाल, शालीवर उदयचाच जुना ओव्हरकोट, आणि मांडीवर पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी लालबुंद.

"आलास?" प्रमोदिनीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"तिचा?"

"मुलगी आहे," सुलक्षणा म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. "कुठं होतास रे तू दिवसभर?"

उदयचे पाय दिवसभरात पहिल्यांदाच थांबले. तो खाटेच्या कडेला बसला, त्याने लेकीकडे बघितलं, मग बायकोकडे, मग आईकडे. आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं आईवरच निघालं.

"आई, तू अनोळखी माणसाच्या गाडीत बसून गेलीस?"

"अनोळखी कसा? मुंबईपासून शेजारी बसले होते लेडलॉसाहेब. साडेचार हजार मैलांची ओळख आहे." प्रमोदिनीबाईंनी बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. "एडिनबरालाच राहतात. म्हणाले, घर इथं असताना लंडनला कशाला जायचं? मी म्हटलं, करेक्ट. त्यांची मंडळी गाडी घेऊन आली न्यायला. मला दारात सोडलं त्यांनी. चहाला या म्हटलंय रविवारी."

"अगं, फोन तरी करायचास!"

"केला की. एंगेज्ड."

"ती मी," सुलक्षणा म्हणाली. "टीव्हीवर धुक्याचं ऐकलं आणि एअरलाइनला लावला. तासभर लाइनवर नुसतं संगीत ऐकवलं त्यांनी. नंतर राजीवला लावत बसले, तर तोही एंगेज्ड."

"तो तुलाच लावत होता," उदय कण्हला.

"मग आई दारात उभ्या! मी त्यांना 'या' म्हटलं आणि कळ आली. चहाचं आधण तसंच राहिलं."

"मग मी इथून हीथ्रोला फोन लावला," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "सिस्टर बाई चांगली आहे, टेबलावरचा फोन दिला. तुला पुकारा म्हणून सांगितलं. तीन वेळा पुकारलं म्हणे. डॉक्टर देशपांडे, डॉक्टर देशपांडे. तू ऐकलं नाहीस?"

उदयने डोळे मिटून घेतले. "ऐकलं," तो म्हणाला.

मग प्रमोदिनीबाईंचं लक्ष दाराशी ठेवलेल्या बॅगांकडे गेलं.

"त्या कुणाच्या रे?"

"तुझ्याच! हीथ्रोहून ओढत आणल्यात. हात निखळायचे बाकी राहिलेत."

"माझ्या बॅगा घरी आहेत. लेडलॉसाहेबांनी भांडून त्यांच्या आणि माझ्या बॅगा प्रेस्टविकलाच उतरवून घेतल्या." बाई वाकून अक्षरं वाचू लागल्या. "देशपांडे खरं. पण या पुरुषाच्या दिसतात. एवढा चामड्याचा पट्टा बायका कशाला बांधतील?"

उदय अजून बॅगांकडे बघतच होता, तोवर सिस्टरने दारातून डोकं आत घातलं. लंडनहून फोन होता. पाचातली दोन मिनिटं उरली आहेत, याचीही तिने आठवण करून दिली.

"उदय!" पलीकडून राजीव दबक्या आवाजात बोलत होता. "काकू सापडल्या? सुलक्षणा कशी आहे?"

"सगळे छान. मुलगी झाली."

"अरे वा! अभिनंदन! नंदा, मुलगी झाली!" मग त्याचा आवाज पुन्हा खाली आला. "बरं, हे बघ. माझ्या घरी एक गृहस्थ येऊन बसलेत. डॉक्टर पुरुषोत्तम देशपांडे. आजच्याच विमानाने आले. एअरपोर्टवर छातीच्या एक्स-रेसाठी थांबवलं होतं त्यांना. बाहेर येऊन बघतात तर बॅगा गायब. एअरलाइनने माझा पत्ता दिला. अंगावरच्या कपड्यांनिशी आहेत बिचारे. नंदाने पिठलं-भात वाढलाय, पण म्हणतात, बॅगा मिळाल्याशिवाय हलणार नाही."

उदय भिंतीला टेकला. चारशे मैल. बॅगा दोन. गाडी तिकडे. त्याच्या डोक्यात दोरा पुन्हा ताणला जाऊ लागला आणि मध्येच तुटला.

"कुठं जायचंय त्यांना?"

"ग्लासगोला. सोमवारी नोकरीवर हजर व्हायचंय."

"ग्लासगो?" उदय ताठ उभा राहिला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात घाई नव्हती. "राजीव, त्यांना म्हणावं बॅगा अगदी सुरक्षित आहेत. पुढं पोचल्यात. घाई करू नका, पोटभर जेवा, शांत झोपा."

"ते ठीक आहे, पण..."

"आणि हळूच एक विचार," उदय म्हणाला. "त्यांना गाडी चालवता येते का?"